गिरधरकाकाची अकराची गाडी

गिरधरकाका माझा सख्खा चुलता. त्याच्यावर रागवायचा हक्क मला आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

डोईफोडियाच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं स्टेशन. छोट्या लाइनीची गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. सिग्नलच्या तारा चोरीला गेल्या, तिकिटाच्या खिडकीत मधमाश्यांनी पोळं केलं. काका तिथला पॉइंट्समन. पुढच्या स्टेशनावरून गाडी सुटली की फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन टोले द्यायचे, हे त्याचं बत्तीस वर्षांचं काम. टोले पडले की बायामाणसं लाइनीवरून बाजूला व्हायची, गुरं हाकलायची. गाडी गेली, काका रिटायर झाला, तरी रोज अकराला टोले द्यायला जायचाच. "काका, हसं होतंय," मी किती वेळा सांगितलं! गावाला मात्र ते घड्याळासारखं सोयीचं झालं होतं. टोले ऐकून उठत कुणीच नव्हतं.

त्याची बायको, मालूकाकू, तर गावातल्या बायकांबरोबर रुळांच्या मधेच मोहाची फुलं वाळत घालायची. टोले पडले की हसून म्हणायची, "आली याची अकराची गाडी."

यंदा एप्रिलमध्ये रूळ उखडायला ठेकेदाराची माणसं आली. उखडलेले रूळ ट्रॉलीवर लादून ते घाटातून हळूहळू खाली आणत. एक दिवस भरलेली ट्रॉली उतारावर हातातून सुटली. तिथं मजुरीला असलेल्या, दगा नावाच्या गावातल्याच पोरानं काकाला फोन केला, "काका, ट्रॉली सुटली! बायांले उठव!"

अकराला पाच मिनिटं कमी होती. काकाचे गुडघे कामातून गेलेले, फुलं वाळवणाऱ्या बायका वळणापलीकडे रुळांवर. त्यानं हातोडा उचलला. वेड्यासारखं ठणाठणा बडवत सुटायला हवं होतं. पण हाताला एकच वळण ठाऊक. त्यानं तीन टोले दिले, शांत, मोजून, आणि हातोडा खाली ठेवून वाट बघत उभा राहिला. ट्रॉलीला ना इंजिन, ना शिट्टी.

काकूच्या तेराव्याला काकानं आशाबाईला गाठलं. त्या दिवशी काकूबरोबर तीच होती. त्यानं एवढंच विचारलं, "तिले टोले ऐकू आले होते का?"

आशाबाई खोटं बोलली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"आले ना, भाऊ. मी टोपलं आणाले उठली, तिले म्हटलं, चल. तर म्हने, बसू दे वं, त्याची अकराची गाडी आली."