फेलिसाआत्याचं धुरांडं

वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं म्हणजे दोहात नुसती धूळ! धूळ एसीच्या फिल्टरमधून झटकता तरी येते, किस्से झटकता येत नाहीत. त्यातून आम्ही सर्व्हेवाले. निम्मा दिवस समोरच्यानं काठी सरळ धरायची वाट बघण्यात जातो, मग बोलणार नाही तर काय! माझ्यावर विश्वास ठेवू नका, बायकोही ठेवत नाही. पण बेनितोवर ठेवा. तो आमचा स्पॅनिश साहेब. त्याला विनोद कळतच नाहीत, करणार कुठून?

*

बेनितो माणसं मोजायचा नाही, चुली मोजायचा. "आमच्याकडे पूर्वी कर डोक्यावर नव्हता, चुलीवर होता. जेवढी धुरांडी, तेवढं गाव."

आमचा ड्राफ्ट्समन अंतोन, वसईचा. तो म्हणाला, "मग आमच्या फ्लॅटमध्ये सात बॅचलर नि एक शेगडी. म्हणजे सगळे मिळून एकच माणूस?"

बेनितो गंभीरपणे "हो" म्हणाला! मग म्हणाला, "माझ्या गावात एकच धुरांडं उरलंय. फेलिसाआत्याचं. तरुण पोरं आधी जर्मनीच्या कारखान्यांत गेली, मग बार्सिलोनाच्या. आत्या एकटीच डोंगरावर. म्हणते, माझी चूल विझली की गाव विझलं."

रोज लंच ब्रेकला तो तिला फोन करायचा. पहिला प्रश्न तब्येतीचा नाही. "चूल पेटवलीस?"

*

एकदा मेसईदच्या वाटेवर भर दुपारी त्यानं पिकअप थांबवली. समोर वाळू, बाकी काही नाही.

"यल्ला, चल की!"

"थांब. जाऊ दे त्यांना."

मी पाय मोकळे करायला उतरलो. तो आतूनच सांगत होता. स्पेनचा खजिना लोकरीवर भरायचा तेव्हा मेंढ्यांच्या वाटा राजाच्या हुकमानं राखलेल्या असत. थंडीत डोंगरातून दक्षिणेला, उन्हाळ्यात परत. त्या वाटेवर कुणी नांगर घालायचा नाही, आडवंही जायचं नाही.

"अरे, पण मेंढ्या कुठायत?"

तेवढ्यात माझ्या बुटाखाली काहीतरी मऊ लागलं. लेंड्या! कतारात मेंढ्या आहेत, मान्य. पण या लेंड्यांतून वाफ निघत होती. आणि वाफ दिसायला थंडी लागते हो!

*

दोहातल्या अल हिलाल भागात बेनितोच्या व्हिलाच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. तो अधूनमधून तिला कान लावून उभा राहायचा. तिकडे स्पेनमध्ये हुकूमशाहीच्या काळात धरण बांधलं, त्यात त्याच्या गावाखालची वाडी चर्चसकट बुडाली होती.

अंतोन टिंगल करत वर गेला. त्यानंही कान लावला. खाली आला तो पांढराफटक, आणि त्या दिवसापासून फक्त बाटलीचं पाणी!

"काय रे, चर्चची घंटा ऐकलीस?"

"घंटेला मी कशाला घाबरू? वसईचा आहे मी. आत लग्न चाललंय. आणि मला जेवायला बोलावतायत."

*

मध्यंतरी स्पेनमध्ये कर्ज काढून कॉलन्याच्या कॉलन्या बांधल्या. बाजार कोसळला, घ्यायला कुणी नाही. त्यातच बेनितोची नोकरी गेली, म्हणून तो इकडे आला. शेवटच्या दिवशी तो अशाच एका रिकाम्या बिल्डिंगखाली उभा होता. सहज एका न विकलेल्या फ्लॅटची बेल दाबली.

इंटरकॉमवर बाईचा आवाज आला, "वर या. पण बूट काढून. फरशी नवीन आहे."

"मग? गेलास?"

"नाही. मोजे फाटके होते."

*

त्या हिवाळ्यात आत्या बर्फावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. एका हातानं लाकडं फोडणार कशी? बेनितो ऑफिसात डोकं धरून बसला. "तिथं ठेवली तर आत्या जाईल. इथं आणली तर गाव जाईल."

अंतोन म्हणाला, "गाव आपण नकाशात ठेवू. आत्याला घेऊन ये."

तो गेला आणि घेऊन आला. एवढीशी म्हातारी, काळा झगा, हात प्लास्टरमध्ये. आम्ही पुरणपोळ्या घेऊन भेटायला गेलो. माझ्या बायकोनं बेनितोमार्फत विचारलं, "आत्या, चूल विझवताना फार वाईट वाटलं असेल ना?"

आत्यानं पोळीचा तुकडा मोडला. "वाटलं. पण सगळ्यांना सांगून आले."

"सगळ्यांना? कुणाला?"

बेनितोनं मोबाईल पुढे केला. निघताना घाटाच्या शेवटच्या वळणावरून, गाव पुन्हा दिसायचं नाही म्हणून, त्यानं फोटो काढला होता. कौलांवर बर्फ. आणि झाडून सगळ्या धुरांड्यांतून धूर, सरळ वर चाललेला. कडेचं एकच घर थंड होतं.

बायकोनं त्यावर बोट ठेवलं. "इथं कुणी राहत नाही का?"

"ते आत्याचं," बेनितो म्हणाला.