पप्पांची डबी आणि माझा नियम

पप्पांना पेशंट म्हटलेलं खपत नाही. मुलुंडच्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात सगळी नोकरी काढली, फुप्फुसांची पार वाट लागली, दिवसाचा बराचसा वेळ नाकात ऑक्सिजनची नळी असते, तरी पेशंट म्हणजे दुसरं कोणीतरी. म्हणून आमच्या कंपनीची डबी मी घरी आणली तेव्हा त्यांना थाप मारली. म्हटलं, ही अजून चाचणीत आहे, वापरून सांगा कशी वाटते. मग त्यांनी लगेच बोटाला चिमटा लावून घेतला, आणि वर दोन सुधारणाही सुचवल्या.

डबीचं काम सोपं. बोटातला ऑक्सिजन मोजायचा आणि घरातल्या वायफायवरून दर दहा सेकंदांनी आकडा आमच्या क्लाउडवर पाठवायचा. आकडा पंच्याऐंशीच्या खाली गेला की माझा फोन बोंबलतो. मी अंधेरीच्या ऑफिसात बसते आणि या डब्यांच्या परवानग्या सांभाळते. कुठल्या डबीने कुठे लिहायचं, कोणी काय वाचायचं, ते मी ठरवते. प्रत्येक डबीच्या पोटात एक सर्टिफिकेट असतं, तेच तिचं ओळखपत्र.

पप्पांना चाचणीची थाप मारली होती, म्हणून डबीची नोंदसुद्धा मी चाचणीच्या यादीतच केली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढाच विचार. पण चाचणीच्या डब्या ऑफिसात टेबलांवर पडलेल्या असतात, कोणीही येतं आणि प्लग काढतं. 'डबी गप्प झाली' असा इशारा त्यांच्यासाठी दिवसभर वाजायचा, डोकं उठायचं. तो इशारा त्या यादीपुरता मीच बंद करून टाकला होता. त्यात गेल्या दिवाळीत पप्पांनी डबीवर चहा सांडला. मी आतला बोर्ड बदलला आणि जुनंच सर्टिफिकेट त्यात टाकलं. नवं काढायचं तर फॉर्म भरा, दोघांची मंजुरी घ्या. घरचंच तर आहे, म्हटलं. म्हणजे नव्या बोर्डामुळे डबीचा नंबर एक आणि ओळखपत्रावरचा नंबर दुसरा, असा कारभार. महिनोन् महिने तो बिनबोभाट चालला, कारण तोवर आमच्याकडे कुठलीही डबी कुठेही लिहू शकत होती, ओळखपत्र कोणी ताडून बघतच नव्हतं.

मग एका हॉस्पिटलची माणसं तपासणीला यायची होती, आणि हे भोक बुजवायचं काम माझ्याकडे आलं. मी नियम लिहिला की ओळखपत्रावर जो नंबर असेल, त्याच नंबरच्या खात्यात लिहायचं. टेबलावरच्या तीन डब्यांवर करून पाहिला आणि सकाळी अकराला सगळीकडे लागू केला. काही अडलं नाही. शेजारी बसणारा माझा सहकारी 'झकास' म्हणाला, आणि खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, एक डबी सारखी नाकारली जातेय बघ. नोंदवहीत एकच ओळ उतरत होती: परवानगी नाही. दहा सेकंदांनी परत, परवानगी नाही. चाचणीच्या यादीतला कुठलातरी जुना नंबर होता. कोणीतरी कपाटात चालू ठेवून गेलं असेल, तो म्हणाला, दार वाजवत बसलीय बिचारी. मी हसले. वाजवू दे, म्हटलं, दमली की गप्प बसेल. हे मी म्हटलं आहे, आणि ते कुणाला सांगताना अजूनही माझी मान खाली जाते. मग आम्ही जेवायला गेलो.

सव्वादोनला परत आले तरी ओळी उतरतच होत्या. डबी यादीतून काढून टाकावी म्हणून मी तो नंबर पहिल्यांदा नीट वाचला. ओळखीचा वाटला. दिवाळीत मीच हाताने पप्पांच्या डबीत घातलेला नंबर.

फोनवर पप्पांचं पान उघडलं. चौऱ्याण्णव, हिरवा आकडा. दिवसभर मी येताजाता तो बघत होते आणि निवांत होते. आता त्याच्या खालची बारीक करडी अक्षरं वाचली. दहा एकोणसाठ. म्हणजे सव्वातीन तास मी एका जुन्या आकड्याकडे बघत होते.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तीनदा. पप्पांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि नळी तिथवर पोचत नाही. एरवी ते नळी काढून, उठून, शिव्या घालत का होईना, पण उचलतात. समोरच्या काकूंकडे आमची किल्ली असते. त्याही उचलेनात. वॉचमनला फोन करून वर पाठवलं. तो म्हणाला, टीव्हीचा आवाज येतोय, बेल दोनदा मारली, साहेब झोपले असतील मॅडम. मी म्हटलं, दार वाजव भाऊ, तिथून हलू नकोस. झोपलेला माणूस आमच्या बेलने उठला नाही असं कधी झालेलं नाही.

सहकाऱ्याने माझी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, आधी डबी सुरू कर, निदान कळेल तरी. त्याचं बरोबर होतं. मी पप्पांच्या सर्टिफिकेटला जुनी मोकळी परवानगी जोडायला गेले. पडद्यावर आलं: परवानगी नाही. आता ते मला होतं. नियम बदलायचा माझा अधिकार दुपारी बारापर्यंतचाच ठेवलेला, आणि ठेवला होता मीच, तपासणीत चांगलं दिसावं म्हणून. त्यानंतर दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. मी विनंती टाकली. कारण लिहिल्याशिवाय ती पुढे जात नाही. त्या चौकटीत मी लिहिलं, वडील. सहकाऱ्याने आपल्या पडद्यावर मंजुरी दिली. मी परवानगी जोडली आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. दहा सेकंदच होते ते, पण तेवढ्यात माझे आयुष्यभराचे सगळे नवस बोलून झाले, आणि माझा तर नवसांवर विश्वासही नाही.

एकोणऐंशी. आकडा आला आणि फोन बोंबलायला लागला. क्षणभर मला आनंद झाला. आकडा आला म्हणजे पप्पा आहेत. मग आकडा कळला.

सहकारी म्हणाला, तू पळ, मी इथून सांगतो. मी बॅगही न घेता खाली आले, पहिली रिक्षा थांबवली आणि मुलुंड म्हटलं. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर नेहमीसारखीच तुंबलेली गर्दी. कानाला फोन आणि त्यात त्याचा आवाज. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर. ॲम्ब्युलन्सला सांगितलंय, तो म्हणाला. मग तो बोलेना.

"बोल ना रे," मी म्हटलं.

"चौऱ्याहत्तर."

मला वाटलं मी आता इथेच मरणार. रिक्षावाला आरशातून बघत होता, मी त्याला काय काय म्हणाले ते आठवत नाही. पवईच्या पुढे काकूंचा फोन आला. त्या गिरणीवर दळण आणायला गेल्या होत्या, फोन घरीच. वॉचमनने जिन्यातच गाठलं, त्यांनी पिठाचा डबा तिथेच टाकला आणि दार उघडलं. पप्पा गॅलरीजवळच्या खुर्चीत होते. जेवण झाल्यावर त्यांनी खुर्ची जराशी पुढे सरकवली होती आणि नळी खुर्चीच्या पायाखाली दाबली गेली होती. एवढंच. काकूंनी खुर्ची उचलली. परत सहकाऱ्याच्या फोनवर आले, तो सांगत होता, अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, सत्त्याऐंशी. मी रिक्षात तोंडात ओढणी कोंबून रडले.

घरी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर तपासून निघत होता. संध्याकाळी छातीचा फोटो काढून घ्या, बाकी ठीक, म्हणाला. पप्पांचे ओठ अजून निळसर होते. मला बघून ते ओशाळले, आपल्यामुळे माझा अर्धा दिवस बुडाला म्हणून. मी खाली बसले आणि विचारलं, ओरडायचं तरी, बेल वाजत होती, वॉचमन दारात होता.

आवाज फुटत नव्हता, ते म्हणाले. आणि त्याच्या आधी, जेव्हा फुटत होता, तेव्हा गरज वाटली नाही. दम लागायला लागला तसं नळी काढून स्वयंपाकघरात जावं, फोन करावा, असं मनात आलं होतं. मग म्हटलं कशाला.

"तू बघत्येस ना तिकडून. येशील, नाहीतर कुणाला पाठवशील. उगाच हललो नाही."

तासभर ते तसे बसून होते. बोट हलू नये म्हणून हात खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवून, मला आकडा बरोबर मिळावा म्हणून.

मी त्यांना सांगितलं. अकरा वाजल्यापासून मला काहीच दिसत नव्हतं, आणि ते मीच बंद केलं होतं. नियम, सर्टिफिकेट, सगळं सांगितलं, हसले होते तेसुद्धा सांगितलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं. ते रागावले नाहीत. खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं.

"मग एवढा वेळ मी कोणाच्या भरवशावर बसलो होतो?"

"माझ्या," मी म्हटलं.