एसटीच्या मागची फटफटी

माझे सासरे ईश्वरअप्पा. पालममध्ये त्यांचं किराणा दुकान होतं, पण ईश्वरअप्पा किराणावाले म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. फटफटीवाले अप्पा म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला आमच्या दारात आणून सोडायचं. पहिली काही वर्षं मला याचा रागच यायचा. माणसानं जन्मभर इमानानं गूळ-शेंगदाणे विकावेत आणि गावानं त्याला गाडीच्या नावानं हाक मारावी, हे काही मला पटत नव्हतं. अप्पांना मात्र ते पटायचं आणि आवडायचंही.

नामांतराच्या दंगलीनंतरच्या वर्षी माझं लग्न झालं. कुठे बंद पुकारतील आणि कुठे रस्ता अडवतील याचा तेव्हा नेम नव्हता. आमच्या वऱ्हाडाच्या टेम्पोपुढे मैलभर अंतर ठेवून अप्पा मोटारसायकलवर निघाले होते. रस्ता मोकळा दिसला की मागे वळून यायचे, हात हलवायचे आणि पुन्हा धूळ उडवत पुढे. डोक्याला रुमाल, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून पायाला सुतळीनं बांधलेला. माझी मावशी कानाशी येऊन म्हणाली, "हा कोन गं म्हातारा पुढं पुढं करायलाय?" मुंडावळ्या सावरत मी म्हणाले, "माझे सासरे." मावशी पालम येईपर्यंत गप्प बसली.

ही हौस फार जुनी. निजामाचं राज्य होतं तेव्हा गंगाखेडला पोलिसातल्या एका अमीनसाहेबाकडे मोटारसायकल होती. ती एकदा पालमला आलेली बघून बारा-तेरा वर्षांचा ईश्वर तिच्या धुरामागे वेशीबाहेरपर्यंत पळत गेला. दुकानाचं गिऱ्हाईक सोडून पळाला म्हणून बापानं बदडला. पुढे येलदरीच्या धरणाचं काम निघालं, तेव्हा मजुरांच्या वस्तीजवळ अप्पांनी किराणा मांडला. तिथे एका ओव्हरसिअरची जावा मोटारसायकल होती. त्याला रोज चहा पाजून, गोड बोलून अप्पा मुरमाच्या रस्त्यावर गाडी शिकले. वय पस्तीस. पहिल्या दिवशी वाळूच्या ढिगात शिरले आणि वाळू झटकत हसत बसले, असं ते स्वतःच सांगायचे. ओव्हरसिअरची बदली झाली तेव्हा तीच गाडी अप्पांनी घेतली.

चाळिशीत त्या गाडीवर दोन्ही बाजूंना मिरचीची पोती बांधून अप्पांनी आठवडी बाजार केले. पन्नाशीत माल टेम्पोनं जायला लागला. आता गाडीचं काम संपलं असं कुणालाही वाटलं असतं. अप्पा नुसतेच बाजाराला जायला लागले, मोकळ्या गाडीवर, गाणं गुणगुणत. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी सायलेन्सर काढून त्यातली काजळी खरवडायची, हा त्यांचा नेम. घरातल्या लिंगपूजेनंतरचं दुसरं काम तेच. मी चहा नेऊन दिला की तो काळ्या हातांनी घ्यायचे आणि कपाची दांडी मला घासत बसावी लागायची.

माझ्या सासूबाई, शांतम्मा, त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. त्या या गाडीवर कधी म्हणजे कधी बसल्या नव्हत्या. "भर बाजारातून नवऱ्याच्या पाठीला चिटकून जायचं व्हय? लाज न्हाई का काई," एवढं बोलून विषय संपवायच्या. अप्पा आपल्या जागी तितकेच हट्टी. एसटीत बसायचे नाहीत. "चाक दुसऱ्याच्या हातात असलं की माजा जीव घाबरा व्हतो," म्हणायचे. आता लग्नकार्याला दोघांना तर जावंच लागतं. मग त्या दोघांनी यातून जी वाट काढली, ती सगळ्या रस्त्याला माहीत होती. अव्वा एसटीत बसायच्या आणि अप्पा एसटीच्या मागे मोटारसायकलवर. एसटी थांबली की हे थांबणार, एसटी निघाली की हे निघणार. गाडी ओलांडून पुढे जाणं त्यांना सहज जमलं असतं, पण सगळी धूळ आणि धूर खात ते मागेच राहायचे. कंडक्टरसुद्धा घंटी मारायच्या आधी अव्वांना विचारायचा, "आले का तुमचे मागं? सोडू का?"

आणखी एक होतं. अव्वा मधूनमधून खिडकीतून डोकं बाहेर काढायच्या. अप्पांना वाटे, बसनं त्यांना मळमळतं, उलटी होते. म्हणून प्रत्येक थांब्यावर अप्पा गाडी खिडकीशी आणून खिशातलं लिंबू वर द्यायचे. अव्वा ते मुकाट्यानं घ्यायच्या आणि पिशवीत टाकायच्या. कुठल्याही गावाहून परत आलो की आमच्या घरात लिंबाचं लोणचं पडायचं. मी शेजारी बसलेली असायचे, मलाही ती मळमळच वाटायची. अव्वा मुळात बोलायच्या कमी आणि मी विचारण्यातली नव्हते.

अप्पा त्रेसष्टचे झाले, तेव्हा त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण त्या डोळ्याला नीट दिसेना. महिनाभरानं त्यांनी गाडी बाहेर काढली आणि शेजारच्या माणिकरावांच्या कडब्याच्या गंजीत नेऊन घातली. लागलं काही नाही. पेंढ्या अंगावर घेऊन उठले आणि म्हणाले, "गंजी काल हितं नव्हती." गंजी तिथे दिवाळीपासून होती. आमच्या यजमानांनी, शिवमूर्तींनी, त्याच दिवशी किल्ली लपवली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी किल्लीच्या जागी खिळा घालून गाडी चालू केली. जुन्या जावाला तेवढं पुरतं, हे पोराला माहीत नव्हतं. मग मात्र शिवमूर्ती चिडले. ते वाईट नाहीत हो, पण घाबरले की ओरडतात. म्हणाले, "अप्पा, रस्त्यात कुनाचं लेकरू आलं आसतं तर?" अप्पांनी खिळा काढून खिशात टाकला.

पलीकडच्या गावचे व्यंकटराव गाडी विकत न्यायला तयार होते. पाडव्याला घेऊन जाईन म्हणाले. अप्पांनी हो म्हटलं आणि गल्ल्यावर बसून राहिले. त्या दिवसांत त्यांनी सायलेन्सरला हात लावला नाही. गिऱ्हाइकानं गूळ मागितला तर साखर द्यायचे. मला फार वाईट वाटलं. ज्या गाडीचा मी एके काळी राग केला, तिच्यासाठी स्वयंपाकघरात बसून रडले. अव्वांनी पाहिलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. अप्पा मुलाला एवढंच म्हणाले, "गंगाखेडचं लगीन हाय. तेवढं करून येतो गाडीवर, मग ने म्हनावं."

तर ते गंगाखेडचं लग्न. नेहमीसारखंच निघालो. अव्वा आणि मी एसटीत, अप्पा मागे. त्या दिवशी अव्वा जरा जास्तच वेळा वाकल्या खिडकीतून. लग्न लागलं, पंगत बसली, पानं वाढली. आमच्यात गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच घास घ्यायचा. अव्वांनी गळ्याशी हात नेला आणि तो तसाच राहिला. दोरा तुटला होता. लिंग ठेवलेली चांदीची डबी गेली होती.

मी पानाभोवती, पिशवीत, लुगड्याच्या निऱ्यांत, सगळीकडे पाहिलं. पंगतीतल्या कुणीतरी सांगितलं, मठातले स्वामी दुसरं लिंग बांधतील, जीवाला लावून घेऊ नका. अव्वा म्हणाल्या, "सात वर्साची व्हते तवा बांधलेलं हाय ते." आणि पानावरून उठल्या. पाण्याचा पेलाही त्यांनी बाजूला सारला. त्यांचा हट्ट मला ठाऊक होता. डबी सापडल्याशिवाय त्या पाणी पिणार नव्हत्या, आणि फाल्गुनातलं ऊन तर आताच डोक्यावर आलं होतं.

अप्पांना पुरुषांच्या पंगतीतून बोलावून आणलं. डबी खिडकीतून वाकताना पडली असणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. पालमकडे जाणारी एसटी संध्याकाळी होती आणि ती काही रस्त्यात थांबून डबी शोधणार नव्हती. अप्पा म्हणाले, "मी बघून येतो." अव्वा म्हणाल्या, "तुमाला गंजी दिसली न्हाई, डबी दिसंल?" अव्वांनी क्षणभर मांडवाकडे, तिथल्या शंभर डोळ्यांकडे पाहिलं. मग लुगडं सावरून गाडीशी गेल्या आणि मागे बसल्या. दोघांच्या मध्ये मात्र त्यांनी आपली पिशवी ठेवली. सगळं लग्न बघत होतं आणि अव्वांनी मान खाली घातली नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. दोघांनीही मला ते नंतर वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचंही जुळलं. गावाबाहेर पडल्यावर अप्पांनी गाडी अगदी सावकाश घेतली. पहिल्या वळणावर उभी केली आणि म्हणाले, "हितं बघ. हितं डोकं काडलं व्हतंस." तिथे काही नव्हतं. पुढे एका पुलापाशी थांबले, "हितं बी." मग एका फाट्याजवळ, मग चढावर. अव्वा उतरून रस्त्याची कड बघायच्या आणि परत बसायच्या. चौथ्या की पाचव्या ठिकाणी त्यांनी विचारलं, "तुमाला कसं म्हाईत हे समदं?"

"मागंच तर असतो. दिसतंय की. आज लय उलट्या झाल्या तुला."

"उलट्या?" अव्वा म्हणाल्या. "मला कवा झाली वो उलटी?"

"मग डोकं कामून काडतीस बाहीर?"

अव्वांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुमी यायलाव का न्हाई, ते बघायला."

अप्पांनी गाडी बंद केली. इतक्या वर्षांची लिंबं त्यांना एकदम आठवली असावीत. ते मला म्हणाले होते, "महानंदा, मला काई सुचंना. म्या नुसतं टाकीवर हात फिरवत बसलो." तोपर्यंत अव्वांनी मधली पिशवी काढून हँडलला अडकवायला दिली. म्हणाल्या, "मदी टोचायली." आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर अव्वा डबीही शोधत होत्या आणि रस्ताही सांगत होत्या. खड्डा आला, बैलगाडी यायलीय, डावीकडं घ्या. अप्पा सांगतील तसं वळवत होते. एका बाभळीजवळ अव्वांनी खांदा दाबला. फांदीला, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, डबी लटकत होती. तुटलेला दोरा गाठ मारून बांधला होता. झाडाखाली धुरपताबाई नावाची म्हातारी भाकरी खात बसली होती. समोरच्या शेतात तिची करडईची काढणी चालली होती.

"सकाळी एसटी गेली अन् हे पडलेलं दिसलं," धुरपताबाई म्हणाली. "गळ्यातला देव हाय कुनाचा तरी. माज्या घरी कसा नेऊ? म्हनलं येतील हुडकत. म्हनून उन्हातबी हितंच बसले."

अव्वा तिच्या पायाच पडल्या. म्हातारी मागे सरकली, तर अव्वा तिच्याबरोबर सरकल्या. तिच्याच घागरीतलं पाणी घेऊन अव्वांनी तिथे बाभळीखाली लिंगपूजा केली आणि तिच्याच भाकरीतली अर्धी ठेच्याबरोबर खाल्ली. लग्नातली पुरणपोळी राहिली ती राहिलीच. दोघं परत येताना दिसली तेव्हा मी वेशीपर्यंत धावत गेले. गळ्यात डबी पाहिली आणि मला तिथेच रडू आलं.

संध्याकाळी परत निघताना मी एसटीकडे वळले. अव्वा माझ्याबरोबर आल्या नाहीत.

पाडव्याला गुढी उभारून झाली आणि व्यंकटराव आले. ओसरीवर बसले, शिवमूर्तींनी पाणी दिलं. अप्पांनी गाडी धुऊन दाराशी लावली होती. लग्नाहून आल्यावर त्यांनी विकण्याबद्दल शब्द काढला नव्हता, मुलाला दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. खिशातून खिळा काढून त्यांनी तो किल्लीच्या शेजारी ठेवला, तेवढं बघून मला आत उभं राहवेना. मी अव्वांना हाक मारणार, तर त्या आधीच उठल्या होत्या. परक्या पुरुषांसमोर ओसरीवर न येणारी बाई पदर घेऊन उंबऱ्याबाहेर आली.

"व्यंकटराव, च्या घ्या, पुरनपोळी खाऊन जावा," अव्वा म्हणाल्या. "पर गाडी द्यायची न्हाई आमाला."

शिवमूर्ती उठले. "अव्वा, अप्पांचा डोळा..."

"त्यांचा एक गेला, माजे दोन हायत. मागं बसून खड्डे मी सांगन. मी न्हाई बसले तर गाडी न्हाई निघायची, ह्ये माजं तुला वचन."

"पर तुला तर एसटीच लागती की," शिवमूर्ती म्हणाले.

अव्वांनी अप्पांकडे पाहिलं, मग मुलाकडे. "नगं आता एसटी," त्या म्हणाल्या. "मागं बघून बघून मान लय दुखायली माजी."