सलूनमधला शेठ

सलून विकल्यापासून मामांचे पाय घरात ठरेनात. चहाचा कप खाली ठेवला की लगेच चपला.

"आज काय विसरलं?" मामींनी विचारलं.

"तो जुना वस्तरा राहिलाय तिकडे."

काल छत्री राहिली होती, परवा चष्म्याचं घर. मामी काही दुधखुळ्या नव्हत्या. तिकडे राहिला होता तो शेठ.

शेठ म्हणजे सलूनमधला मासा. केशरी, पोट सुटलेला, आरशाखालच्या काचेच्या टाकीत दिवसभर येरझाऱ्या घालणारा. मामांचा मुलगा लहानपणी कात्री दिसली की दुकान डोक्यावर घ्यायचा. त्याला गुंगवायला मामांनी बोटाएवढा मासा आणला होता. पुढे मुलगा शिकला, नोकरीसाठी लांब गेला, त्याला टक्कल पडायला लागलं. शेठ तळहाताएवढा होऊन तिथेच. त्याच्यापायी मामा कधी कुठे मुक्कामाला गेले नाहीत. लग्नकार्याला मामी एकट्याच. आता गुडघ्यांनी साथ सोडली, दुकान विकलं, शेठ दुकानाबरोबर दिला, आणि मुलाकडे दोघांनी मिळून राहायला जायचं ठरलं. मामींची बॅग भरूनही झाली होती.

सलूनमध्ये पाऊल टाकताच मामांची नजर टाकीकडे गेली. काच लखलखत होती. शेठ वर तोंड काढून आ वासत होता.

"बघा मामा, कशी चकाचक केली!" नवा मालक हौसेनं म्हणाला. "साबणानं घासली. पाणी सगळं नवंकोरं."

"नळाचं? तसंच, ताजं?"

"मग काय शिळं घालू?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडावरच्या फेसासकट हसलं. मामांना राग आला तो स्वतःचा. किल्ल्या देताना ते एवढंच म्हणाले होते, 'दोन दाणे टाकत जा.' नळाच्या पाण्यातलं औषध उडायला ते रात्रभर उघडं ठेवायचं, एका वेळी थोडंच बदलायचं, टाकीला साबण लावायचा नाही, हे सगळं त्यांच्या हातांत मुरलेलं होतं; ते कुणाला सांगावं लागतं, हे सुचलंच नव्हतं.

"याला मी नेतो," ते म्हणाले.

बादलीवर टॉवेल टाकून, दर चार पावलांवर आत डोकावत, लंगडत ते घरी आले. मामी दारातच उभ्या होत्या.

"वस्तरा बराच मोठा निघाला."

मामांनी बादली खाली टेकवली. कालपासून भरून ठेवलेलं पिंपातलं पाणी टबात ओतलं, शेठला अलगद सोडलं. मग बसले, उठले, वाकून पाहिलं, पुन्हा बसले. संध्याकाळी कुठे शेठ तळाशी गेला आणि त्याची शेपटी सावकाश हलू लागली.

"तू जाऊन ये," मामा हळूच म्हणाले.

"म्हणजे याही वेळी एकटीच." मामी भरलेल्या बॅगेकडे बघत राहिल्या. "किती जगतात हो हे?"

"नीट सांभाळलं तर अजून दहा वर्षंसुद्धा."

"आणि आपण?"

मामा पुन्हा उठले.

"आता कुठे?"

"टबावर ऊन येतंय का बघतो."

"दिवे लागलेत, अहो!"

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मामींनी तो उचलला.

"नाही रे, आमचं येणं होत नाही. तूच रजा काढून ये… कारण काय? दुकानात भोकाड पसरायचास ना, तेव्हा तुझ्यासाठी आणलेला मासा अजून जिवंत आहे. तो आता तू सांभाळ, म्हणजे आम्ही चार दिवस बाहेर पडू." त्या टबाशी वाकलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि येताना टाकी आण. कपडे धुवायचा टब अडकलाय."