गुठळी नव्हे, गाठ

"तुझ्या अक्काची गुठळी फुटली गं," ती गेली त्या सकाळी दादासाहेबांनी फोनवर सांगितलं. अक्का जाऊन तास झाला नव्हता आणि हा गृहस्थ अजून खोटंच बोलत होता. दादासाहेब म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, थोरले दीर, मुरुम गावचे. कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. ज्यातलं काही कळत नाही त्यावर तर जरा जास्तच. अक्काला जाऊन महिना उलटला, तरी तो शब्द माझ्या कानातून जात नाही. माझी बहीण गुठळीनं गेली नाही. एवढं तरी कुठंतरी छापून यावं म्हणून लिहितेय.

अक्का धडधाकट, तोंडाळ, मायाळू. गल्लीच्या टोकाला कुणाची फोडणी करपली तरी हिला घरात बसून कळायचं. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची. दळण आणायचंय, गाठ. कुणाच्या बारशाला जायचंय, गाठ. काम झालं की गाठ सोडून "सुटले बाई!" म्हणायची. मग तिला जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजले, चेहराही सुजला. गावानं आधी पित्त ठरवलं, मग दमा. सोलापुरात हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या कप्प्यात काहीतरी हलताना दिसलं. रक्ताची गुठळी असेल म्हणून पहिल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही, असली गाठ सुरुवातीला गुठळीसारखीच दिसते म्हणे. पण गोळ्या घेऊनही ती वाढतच गेली. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला. म्हणजे कॅन्सरच, आणि तोही फक्त हृदयात बसलेला. "मीसुद्धा पहिल्यांदाच बघतेय," बाई सरळ म्हणाल्या. त्या एका वाक्यामुळं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दादासाहेबांचा कुठला बसायला! "काळजाला कुठं कॅन्सर होतो व्हय? गुठळीच हाय ती." हे नुसतं अज्ञान असतं तर मी हसून सोडलं असतं. पण त्यांच्या मुलीची सोयरीक ठरली होती, आणि घरात कॅन्सर आहे म्हटल्यावर समोरचे माघार घेतील ही त्यांची भीती. म्हणून सगळ्या घराला हुकूम सुटला, गुठळीच म्हणायचं. आमच्या दाजींनी मान हलवली. थोरल्या भावापुढं त्यांनी जन्मभर दुसरं काही केलेलंच नाही. अक्का मात्र हसली. "लई शहाणा माणूस. माझ्या काळजात शिरून बघून आलाय जणू!"

केमोचे पहिले दोन डोस दवाखान्यात ठेवूनच दिले, छातीला वायरी लावून. गाठ झपाट्यानं विरघळली तर हृदयालाच इजा होईल, ही डॉक्टरीणबाईंना धास्ती. दोन डोसांनंतर फोटोत गाठ दिसेनाशी झाली. अक्का जिना चढली, पोळ्या लाटायला बसली... "दिसत नाही म्हणजे संपली नाही. सहाही डोस पुरे करा," असं बाईंनी बजावलं होतं. पण दादासाहेब जिंकल्यासारखे म्हणाले, "विरघळली की! म्या म्हणलं नव्हतं?" तिसरा डोस नेमका लग्नाच्या आठवड्यात येत होता, आणि मांडवात आजारी बाईची चर्चा यांना नको होती. मी जाऊन भांडले. अक्कानंच मला गप्प केलं. "पोरीचं काय चुकलं गं? लग्न होऊ दे. जाते मी, ध्यानात हाय." आणि माझ्यासमोर तिनं इरकलीच्या पदराला गाठ मारली.

लग्न झालं. मग गोंधळ, मग पाहुण्यांची जेवणं, मग नव्या जोडप्याबरोबर तुळजापूर. दरवेळी "एवढं उरकलं की जाऊ." देवीच्या पायऱ्या चढून वर येताना अक्का मध्येच खाली बसली... तिथून तिला थेट सोलापूरला नेलं. गाठ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. औषध पुन्हा सुरू केलं, पण तिच्या हृदयाला ते झेपलं नाही.

तेराव्याला दादासाहेब येईल त्याला गुठळीची हकिकत ऐकवत होते. मला संताप येत होता, आणि त्याहून जास्त किळस. आठवण म्हणून एक साडी घेऊन जा, असं दाजी म्हणाले. मी इरकल घेतली. धुऊन घडी घातलेली होती, पण पदराच्या टोकाला गाठ तशीच होती, आवळून बसलेली. दादासाहेबांचं लक्ष गेलंच. "ती गाठ सोड की आधी. सगळा पदर चुरगळलाय."

"गाठच म्हणालात ना?" मी भरल्या घरात मोठ्यानं विचारलं. "गुठळी नाही म्हणालात."

ते उठून बाहेर गेले. साडी आता माझ्या कपाटात आहे. काम झाल्याशिवाय अक्का गाठ सोडत नसे. मीही सोडलेली नाही.