माझ्यापाशी ठेवलेले दोन

"बाई, तुमचे दोन हायेत माझ्यापाशी," असं म्हणून ते कानशिलावर बोट टेकवायचे. नव्या माणसाला वाटे, यांचं डोकं दुखतंय.

सत्तरच्या दशकात नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या बुद्धिबळ मंडळाची रेटिंगं हे काका काढत. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाला किती गुण मिळायला हवेत ते तक्त्यात बघायचं. त्याहून जास्त मिळवले की माणूस वर, कमी मिळवले की खाली. आलेला आकडा मात्र पाचच्या पटीत बसवून फळ्यावर लिहायचा, कारण जगाच्या यादीतही तेव्हा तसंच करत. तीन वर आले तर पाच धरायचे, दोनच आले तर कापायचे.

ही कापाकापी त्यांच्या जिवावर यायची. म्हणून ज्याचे जे कापले ते ते तोंडपाठ ठेवत, आणि चहाच्या टपरीवरही आठवण देत, "तुझा एक हाय गा." या ठेवीचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं.

"उपयोग काहून पाहिजे? कमावलेले हायेत."

मंडळात बाई मी एकटीच. लागोपाठ तीन स्पर्धांत मी दोन-दोन गुण कमावले आणि तीनदा ते कापले गेले. फळ्यावर मी आपली १६४५ च. तेवढ्यात जबलपूरच्या सामन्याचं निघालं. पहिले चौघे जाणार होते. चौथे ते, १६५०. पाचवी मी.

मला जायचंच होतं. सासरी माझ्या खेळाला 'लाकडं सरकवणं' म्हणत. जबलपूरहून आल्यावर तरी म्हणणार नाहीत, अशी भाबडी आशा. पण नागपूरबाहेर ते कधीच खेळले नव्हते. सदरच्या बाजारातून त्यांनी बुशशर्टाचं कापड आणलं होतं आणि शिवायला टाकण्याआधी मंडळात प्रत्येकाला हात लावून बघायला लावलं होतं. मीही कापडाची तारीफ केली.

निवडीच्या संध्याकाळी सेक्रेटरी नावं वाचायला उठले, तर काका ओलं फडकं घेऊन फळ्याशी. माझा आकडा पुसून १६५१ लिहिला, स्वतःचा पुसून १६४८.

"बाईंचे तीनदा दोन कापले, ते जोडले. मी मागच्या खेपेले दोन गमावले होते, ते फळ्यानं झाकून ठेवले. आता पाहा, वर कोण हाय ते."

"अहो, जगभर पाचच्याच पटीत लिहितात!" सेक्रेटरी म्हणाले.

"जगाले जबलपूरले जायचं हाय का गा?"

सगळी खोली हसली. मी म्हटलं, "काका, तुम्हीच जा." तेव्हा मात्र ते चिडले. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच. "हिशेब करून राहिलो मी, बाई. उपकार नाही."

आम्हाला पोचवायला ते स्टेशनवर आले, नवा बुशशर्ट घालून. "कसा दिसते?" त्यांनी विचारलं. छान दिसतो, असं मी म्हणाले आणि सामान मोजायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

जबलपूरला मी दोन डाव जिंकले, एक हरले. सासूबाईंनी 'लाकडं सरकवणं' काही सोडलं नाही, पण शेजारणींना मात्र जबलपूर तिखटमीठ लावून सांगू लागल्या.

नंतर फळा पुन्हा पाचच्या पटीत गेला आणि कापलेले गुण पुन्हा त्यांच्या डोक्यात. स्वतःचे १६४८ तेवढे त्यांनी तसेच ठेवले. "फुकटचे दोन मले नको," म्हणाले. पुढे डोळ्यांमुळे त्यांनी स्पर्धा सोडल्या, म्हणून तो आकडा तसाच राहिला.

त्यांची शोकसभा त्याच खोलीत झाली. भाषणं कुणाला जमेनात. मग मागून कुणीतरी म्हणालं, "माझा एक होता त्यांच्यापाशी." दुसरा म्हणाला, "माझे दोन." तिसरा, चौथा. हसायला यायला लागलं, आणि हसता हसता सेक्रेटरींनी चष्मा काढला. जबलपूरनंतरचे माझेही दोन होते. मी फळ्याकडे बघत बसले. सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपत होते, आणि त्यांचा एकट्याचा आठावर.