साडूपेक्षा दोन फूट उंच

नकाशात डोलकाठी सोळा फुटांची होती. शरणप्पाच्या अंगणात उसाच्या ट्रॉलीला टेकवलेली काठी अठरा फुटांची होती. तो तिला वार्निश लावत होता.

मी गोव्यात एका बोटयार्डात ड्राफ्ट्समन होतो. रिटायर झाल्यावर अफजलपूरला परतलो. शरणप्पा ऊस लावणारा शेतकरी. इंटरनेटवरून नकाशा घेऊन तो घरीच शिडाची छोटी लाकडी बोट बांधत होता. त्याने मला सल्ल्याला बोलावलं. दोन फूट का वाढवले, असं मी विचारलं.

"मल्लूची सोळाची हाय."

मल्लिनाथ हा त्याचा साडू. त्याने याच नकाशाची बोट काहीही न बदलता बांधली होती आणि तिच्यातून सासऱ्यांना भीमेपलीकडच्या देवळाला नेऊन आणलं होतं. तेव्हापासून सासरे दुसरं काही बोलत नव्हते. येत्या अमावास्येला त्यांना नेण्याची पाळी शरणप्पाची होती. मल्लिनाथने बोट बांधताना कुणालाच विचारलं नव्हतं. मी गावात असताना विचारलं नव्हतं, हे मलाही लागलं होतं.

मी शरणप्पाला समजावलं. काठी वाढली की शीड वाढतं, आणि वारा जास्त उंचावर जोर लावतो. पहार लांब असली की थोड्या जोरातही दगड उलटतो, तसंच. उंच काठी हवी असेल तर बोट रुंद पाहिजे. पण तळ जोडून झाला होता.

शरणप्पा हसला. जत्रेत तो नंदीकोल धरतो. ही देवाची उंच काठी, कमरेच्या पट्ट्यात तोलून मिरवायची.

"अण्णा, नंदीकोल ह्याच्या दुप्पट असतंय. ते कमरंवर घेऊन गाव फिरतो मी. मला काय सांगायलाव?"

"तेव्हा पाय कुठं असतात?"

"जमिनीवर."

"आणि वरून सोडलेल्या दोऱ्या?"

"चौघं धरत्यात."

"बोटीत जमीन न्हाई आणि चौघंही न्हाईत."

त्याला पटलं नाही. मग चाचणी ठरली. बंधाऱ्याच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात बोट सोडली. काठीच्या शेंड्याला दोरी बांधून मी काठावरून ओढायचं, वारा ओढेल तसं. मल्लिनाथ न बोलावता आला होता.

मी दोरी ओढली. बोट कलली. अशा वेळी उचललेल्या कडेवर जाऊन बसायचं असतं. आपलं वजन बोटीला परत खाली आणतं. हे मी शरणप्पाला दोनदा सांगितलं होतं. तो दरवर्षी जत्रेत करतो तेच त्याने केलं. मधोमध पाय रोवून उभा राहिला आणि काठी कमरेशी आवळली. बोट त्याच्यासकट आडवी झाली.

"साडूभाऊ, पट्टा बांधायचा राहिला की," मल्लिनाथ काठावरून म्हणाला.

शरणप्पा पाण्यातून वर आला. साडूकडे त्याने पाहिलंच नाही. करवत आणायला सांगितली. काठी सोळा फुटांवर आली, शीडही नकाशाप्रमाणे लहान केलं.

अमावास्येला सासरे बोटीत बसले. वारा चांगला होता. शरणप्पा पूर्ण वेळ वरच्या कडेवर बसून होता. जाऊन-येऊन सासऱ्यांच्या धोतराची किनारही भिजली नाही. परतल्यावर उतरता उतरता त्यांनी मान वर करून काठीकडे पाहिलं.

"मल्लूएवढीच केलास कामून? जरा उंच करायची की."

शरणप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

नकाशात बदल करण्याआधी तो कशासाठी हवा, हे विचारावं. उत्तरात वारा, पाणी किंवा वजन आलं तर पेन्सिल हातात घ्यावी. साडू आला तर घेऊ नये.